समाजच उरला नाही तर नेता काय करतो? कैरोच्या ज्यूंची कथा

मित्रहो, समाज आधी आणि त्याचा नेता नंतर, असे आपण धरून चालतो. पण समाजच उरला नाही तर नेता काय करील? तत्त्वज्ञान शिकवताना हा प्रश्न आमच्यापुढे कधी आला नाही. इजिप्तच्या इतिहासाने तो समोर आणून ठेवला.

बाराव्या शतकात जुन्या कैरोत, म्हणजे फुस्तातमध्ये, मूसा बिन मैमून राहत. युरोप त्यांना मायमोनिडीस म्हणतो. थोर तत्त्वज्ञ, दरबारी वैद्य आणि इजिप्तच्या ज्यूंचे प्रमुख. त्यांचा भाऊ डेव्हिड व्यापारासाठी निघाला आणि हिंदी महासागरात बुडाला. या समाजाचे धागे कुठवर पोचले होते, बघा!

1948 साली इजिप्तमध्ये सुमारे 75 ते 80 हजार ज्यू होते. मग इस्राएलची स्थापना, 1956 चा सुएझ संघर्ष, 1967 चे युद्ध. दर वेळी घरे रिकामी होत गेली. कित्येकांना परवाना मिळाला तो एकाच अटीवर: जा, पण परत येऊ नका.

शहाता हारून हे वकील मात्र गेले नाहीत. डाव्या विचारांचे, झायोनवादाचे विरोधक, पक्के इजिप्शियन. त्यांच्या थोरल्या मुलीला, मोनाला, रक्ताचा कर्करोग झाला. उपचार परदेशात होते. परवाना मिळत होता, पण तोच, न परतण्याचा. त्यांनी तो नाकारला. मुलगी गेली. पुढे 1967 मध्ये त्याच राज्याने त्यांना तुरुंगात टाकले.

त्यांचे बरोबर होते का? लेकराचा जीव आणि मायभूमी एका तराजूत घालायला लावणारे राज्य आधी दोषी, असे आम्हाला वाटते. तरी निवड त्यांची होती, आणि तिची किंमत मोनाने मोजली. हे नजरेआड करून त्यांच्या देशप्रेमाचे गोडवे गाता येत नाहीत.

त्यांची दुसरी मुलगी माग्दा 2013 मध्ये कैरोच्या ज्यू समाजाची अध्यक्ष झाली. तिच्या आधीच्या अध्यक्ष कार्मेन वाइनस्टाइन यांनी बसातीनच्या प्राचीन दफनभूमीसाठी आयुष्य वेचले. तिथले संगमरवर चोरीला गेले होते, अतिक्रमणे झाली होती. माग्दाच्या वाट्याला समाज आला तो बोटांवर मोजण्याइतक्या, बहुतेक वृद्ध स्त्रियांचा. सामुदायिक प्रार्थनेला परंपरेने दहा पुरुष लागतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींतही हाच नियम. कैरोत ते दहा मिळेनात.

मग काम उरते कशाचे? सिनेगॉगचे, थडग्यांचे, जन्म-विवाहाच्या नोंदवह्यांचे. देशोधडीला लागलेल्यांची नातवंडे त्या नोंदी मागतात, आणि त्यांचा हक्क आम्हाला खरा वाटतो. आपले आजोबा कोण, हे जाणायला कुणाची परवानगी का लागावी? माग्दाबाईंची भूमिका अशी की हा वारसा साऱ्या इजिप्तचा आहे, तो बाहेर जाता कामा नये. नक्कल वंशजांना द्यावी आणि मूळ वही तिथेच ठेवावी, असे आम्ही म्हणू. पण त्यासाठी तिथल्या राज्याने दार उघडे ठेवले पाहिजे. त्याचा पूर्वेतिहास तर आपण आत्ताच पाहिला.

'दुधाचा थेंब' ही ज्यूंची जुनी धर्मादाय संस्था माग्दाबाईंनी पुन्हा उभी केली. तिच्यात मुसलमान आणि ख्रिस्ती तरुण आले, दफनभूमी साफ करू लागले. ज्यांच्या आजोबांचे तिथे थडगे नाही, ते ही राखण करताहेत. अशांना त्या समाजाचे म्हणायचे की नाही? पुढच्या व्याख्यानापर्यंत यावर विचार करून ठेवा.