खोली करून राहणाऱ्यांचे कायदेशीर संरक्षण (अमरावती व अकोला)

शिक्षण, नोकरी, मजुरी किंवा औषधोपचारांसाठी परगावी येऊन पूर्ण घर न घेता एखादी खोली, अथवा खोलीतील केवळ एक खाट, महिन्याच्या बोलीवर घेणाऱ्यांना ‘खोली करून राहणारे’ म्हणतात. वऱ्हाडातील अमरावती व अकोला या शहरांत असे रहिवासी मोठ्या संख्येने आढळतात. महाराष्ट्राचा भाडे कायदा त्यांच्यापैकी अनेकांना भाडेकरू मानत नाही आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारे अनुज्ञप्तिधारकही मानत नाही. त्यामुळे खोली सोडण्याचा तगादा, अनामत रक्कम अडवणे किंवा पाणी व वीज तोडणे अशा प्रसंगी त्यांना या कायद्याचा आधार मिळेलच असे नाही.

== वस्तीचे स्वरूप ==

अमरावतीत विदर्भ महाविद्यालय (स्थापना १९२३, मूळ नाव किंग एडवर्ड महाविद्यालय), शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६४) आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ (१९८३), तर अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (१९६९) व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२००२) या संस्थांमुळे बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचा ओघ वाढला. अकोल्यात खासगी शिकवणी वर्गांचीही त्यात भर पडली. धारणी, चिखलदरा, दर्यापूर, तेल्हारा, पातूर येथून तसेच वाशीम व बुलडाणा जिल्ह्यांतून येणाऱ्या सर्वांना वसतिगृहांत जागा मिळत नाही. उरलेले विद्यार्थी घरमालकाच्या माडीवरील खोल्यांत, खासगी वसतिगृहांत किंवा ‘पीजी’मध्ये राहतात. एका खोलीत तीन-चार खाटा, सामायिक संडास-न्हाणी आणि मेसचा डबा ही नेहमीची व्यवस्था होय. उन्हाळ्यात कूलरचे पैसे वेगळे द्यावे लागतात. व्यवहार बहुधा तोंडी असतो आणि पावती क्वचितच मिळते.

== पूर्वीचा कायदा ==

मुंबई इलाख्यातील १९४७ चा भाडे कायदा वऱ्हाडाला कधीच लागू नव्हता. पाठ्यपुस्तके वाचून तसा समज होतो, म्हणून हे नमूद केले पाहिजे. त्या कायद्यात हॉटेल व लॉजिंग हाउसच्या दरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या तरतुदी होत्या. वऱ्हाडात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४६ च्या अधिनियमाखाली काढलेला १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश चालत असे. त्यानुसार भाडे नियंत्रकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय घरमालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देता येत नसे. हे दोन्ही कायदे रद्द करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून संपूर्ण राज्यात अमलात आला. लॉजिंग हाउसच्या दरांचे नियंत्रण मात्र नव्या कायद्यात घेतले गेले नाही.

== व्याख्यांतून वगळणूक ==

प्रश्नाचे मूळ १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ७ मधील व्याख्यांत आहे. ‘जागा’ या संज्ञेत इमारतीचा भाग येतो, परंतु हॉटेल वा लॉजिंग हाउसमधील खोली येत नाही. ‘अनुज्ञप्तिधारक’ या संज्ञेतून पेइंग गेस्ट तसेच हॉटेल, लॉजिंग हाउस, वसतिगृह, अतिथिगृह, धर्मशाळा इत्यादींत राहणारे वगळले आहेत. मालक स्वतः राहत असलेल्या जागेचा काही भाग ज्याला अनुज्ञप्तीने दिला आहे, आणि जो मालकाच्या कुटुंबातील नाही, तो पेइंग गेस्ट, अशी व्याख्या आहे. म्हणजे ही अनवधानाने राहिलेली फट नव्हे. कायद्याने हा वर्ग नावे घेऊन बाहेर ठेवला आहे.

याचे परिणाम व्यवहारात दिसतात. कलम १६ मधील ठरावीक कारणांवाचून जागा खाली करवून न घेता येणे आणि कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, स्वच्छता या अत्यावश्यक सेवा रास्त कारणाशिवाय तोडण्यास असलेली मनाई, ही दोन्ही संरक्षणे भाडेकरूसाठी आहेत. अनुज्ञप्तिधारकाची स्थिती मुळातच दुबळी आहे: मुदत संपूनही जागा न सोडल्यास कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घरमालक ताबा घेऊ शकतो आणि दुप्पट शुल्काइतकी भरपाई मागू शकतो. परंतु तेथे निदान अर्ज व सुनावणी तरी होते. पेइंग गेस्टसाठी या कायद्यात तीही पायरी नाही.

मात्र प्रत्येक खोली या वगळणुकीत मोडत नाही. मालक त्या घरात राहत नसेल आणि खोली स्वतंत्र कुलूप-किल्लीसह एकट्याच्या ताब्यात दिली असेल, तर ती भाड्याने दिलेली ‘जागा’ ठरू शकते. कागदावर कोणता शब्द लिहिला आहे एवढ्यावर न्यायालय थांबत नाही. पक्षांचा हेतू आणि ताबा एकट्याचा होता की नाही, हेही पाहते. खोली बाहेरून बघताना हा भेद कळत नाही, आणि राहणाऱ्याला तो सहसा वाद उद्‌भवल्यावरच कळतो.

== कराराची नोंदणी ==

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ ही समजूत दोन्ही शहरांत रूढ आहे. तिचा उगम नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे, कारण त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यांची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात ही समजूत चुकीची ठरते. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. भंग केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ही तरतूद राहणाऱ्याच्या बाजूची असूनही तिची माहिती फारच थोड्यांना असते.

भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा आग्रह पोलीस धरतात. ती नोंद म्हणजे करार नव्हे. मात्र अमुक व्यक्ती अमुक ठिकाणी राहत होती, हे दाखवण्यास ती उपयोगी पडू शकते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेसारख्या योजनांत बाहेर भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो. तोंडी व्यवहाराची खरी झळ तेथे बसते, कारण घरमालक कागद देत नाही आणि कागदाशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

== उरलेले मार्ग ==

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘सेवा’ या संज्ञेत निवास व भोजन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे पैसे घेऊन कबूल केलेली सोय न देणाऱ्या खासगी वसतिगृहाविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. अनामत रकमेच्या वादातही हा मार्ग तुलनेने सोपा आहे. त्यासाठी पावती किंवा बँकेतून पैसे दिल्याची नोंद जपून ठेवावी लागते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ प्रमाणे अनुज्ञप्ती रद्द झाल्यावर जागा सोडण्यास व सामान हलवण्यास वाजवी मुदत मिळण्याचा हक्क आहे. कायदेशीर मार्गाशिवाय ताब्यातून काढून टाकल्यास विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो. परंतु खाटेवर राहणाऱ्याकडे कायद्याच्या अर्थाने ‘ताबा’ होता, हे सिद्ध करणे कठीण असते, आणि परीक्षा तोंडावर आलेला विद्यार्थी दावा लावण्याऐवजी दुसरी खोली शोधतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेची अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असावी, अशी तरतूद आहे. मात्र त्यातील ‘जागा’ या व्याख्येतूनही हॉटेल, लॉजिंग हाउस व धर्मशाळा वगळलेल्या आहेत.