अकाली हृत्स्पंद आणि त्यांचे दमन : एक टिपण

नाडी चालता चालता मध्येच चुकते, ह्या अनुभवाइतकी रुग्णास भेडसावणारी गोष्ट विरळा. वस्तुतः ठोका चुकलेला नसतो. तो वेळेआधी पडलेला असतो. निलय पुरते भरण्यापूर्वीच आकुंचन पावल्याने लाट मनगटापर्यंत पोहोचत नाही, पुढे दीर्घ विराम पडतो आणि त्यानंतरचा जोरकस ठोका तेवढा छातीत जाणवतो.

बर्न्ली ह्या इंग्लंडमधील गिरणगावात व्यवसाय करणाऱ्या जेम्स मॅकेन्झी ह्यांनी मनगटाची नाडी व मानेतील शीर ह्यांचे आलेख एकत्र घेतले आणि तेच रुग्ण वर्षानुवर्षे पाहिले. अन्यथा निरोगी हृदयातील असे ठोके निरुपद्रवी असतात, हा त्यांचा निष्कर्ष यंत्रापेक्षा ह्या चिकाटीचेच फळ होय, असे आम्हांस वाटते.

औषध मात्र योगायोगाने सापडले. १९१२ साली एका डच व्यापाऱ्याने, क्विनीन (आपल्याकडचे कोयनेल!) घेऊन आपली अनियमित नाडी नियमित होते, असे वेंकेबाख ह्यांस दाखवून दिले. त्याचा विकार अलिंदांच्या कंपनाचा, म्हणजे निराळा होता. पण फ्राय ह्यांनी १९१८ मध्ये क्विनिडीन पुढे आणल्यावर ठोक्यांची लय औषधाने सुधारता येते, ही कल्पना रुजली.

पुढे १९६० नंतरच्या हृद्रोग-दक्षता कक्षांत पडद्यावर सतत दिसणारा अकाली ठोका हा संकटाचा अग्रदूत मानला जाऊ लागला. १९७१ मध्ये लाऊन व वुल्फ ह्यांनी त्याच्या प्रतीही लावल्या. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्यांत ज्यांना असे ठोके अधिक, त्यांच्यात मृत्यूही अधिक, हे निरीक्षण खरेच होते. त्यावरून ठोके दाबले म्हणजे मृत्यू टळेल, असे अनुमान काढण्यात आले. ते कित्येक वर्षे कोणी तपासले नाही.

ते तपासले अमेरिकेतील ‘कास्ट’ प्रयोगाने. एन्केनाइड, फ्लेकेनाइड वा मोरिसिझिन ह्यांनी ज्यांचे ठोके खरोखर दबले, असेच रुग्ण त्यात निवडले होते. पहिल्या दोन औषधांचा प्रयोग १९८९ मध्ये थांबवावा लागला. १९९१ च्या अहवालानुसार ती औषधे घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके दबले होते, मृत्यू वाढले होते. व्रणित हृदयस्नायूत विद्युत्प्रवाहाची गती मंदावून ह्याच औषधांनी नवी, अधिक घातक अनियमितता निर्माण केली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

फ्लेकेनाइड त्यानंतरही वापरात राहिले. पण ज्यांच्या हृदयाची रचना निर्दोष आहे अशांसाठी, आणि प्रायः अलिंदांच्या विकारात.