तापीची नाव

तापी नदी मुलताईजवळ उगम पावून सुमारें ४५० मैलांचा प्रवास करीत सुरतेखालीं समुद्रास मिळते. एवढी मोठी नदी खानदेशाच्या मध्यांतून वाहत असतां या प्रांतांत नौकांचा व्यापार कां वाढला नाहीं, असा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर नदीच्या पात्रांतच आहे. उंच तुटलेले कांठ, खडकाळ तळ, पावसाळ्यांत पूर आणि उन्हाळ्यांत उथळ पाणी यांमुळें मालाची नाव बऱ्हाणपुराहून सुरतेपर्यंत जाणें शक्य नव्हतें. मोगल अमदानींत या दोन शहरांमधील व्यापार गाड्यांवर आणि बैलांच्या तांड्यांवर चाले. इंग्रज वकील सर टॉमस रो १६१५ सालीं सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला, तोही खुष्कीनेंच.

खानदेशांतील नाव प्रवाहाबरोबर चालली नाहीं. ती प्रवाहाला आडवी चालली. चांगदेव, थाळनेर, प्रकाशें हीं जुनीं गांवें तापीच्या कांठींच वसलेलीं. पूर आला म्हणजे पैलतीरचें शेत, बाजार आणि सोयरे तरीच्या नावेवांचून दुरावत. अशा नावेचा आराखडा कागदावर नसे. सागाची कोणती फळी कोठें बसेल, किती शेकली म्हणजे वळेल, हें कारागिराचा हातच जाणे. सांध्यांच्या फटी तेलांत भिजविलेल्या कापसानें बुजवावयाच्या, आणि वर्षातून एकदां नाव कोरडी करून तिला पुन्हा तेल पाजावयाचें, ही नावबांधणीची सर्वसाधारण रीत होय.

याच नदीच्या मुखाशीं सुरतेस या विद्येनें मोठें रूप घेतलें. तेथील लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें मुंबईच्या गोदींत बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें १८१७ सालचें सागवानी लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्यापि तरंगत आहे.

जहाजांची ही भूक खानदेशाच्या शेजारच्या रानांपर्यंत पोंचली. १८४२ च्या सुमारास कंपनी सरकारनें डांगांतील साग इजाऱ्यानें घेतला. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यानें राखीव रानांतील लांकूड परवान्यावांचून तोडतां येईना. इकडे लांकूड महागलें, तिकडे पूल उभे राहिले. १८७० सालीं मुंबई-कलकत्ता लोहमार्ग पुरा झाला, तेव्हां भुसावळजवळ आगगाडी पुलावरून तापी ओलांडीत होती. मागाहून सडकांचेही पूल झाले. १९७२ सालीं उकाईचें आणि १९८२ सालीं हतनूरचें धरण पुरें होऊन नदीची चालच बदलली.

पुलांनीं लोकांची सोय झाली, याविषयीं दुमत नाहीं. परंतु ‘त्रिंकोमाली’ची मापें ग्रंथांतून सांपडतात, तशी तरीच्या नावेची नोंद कोणी ठेवीत नाहीं. एखादी जुनी नाव कोठें कांठावर पडून असेल, तर ती मोडून सरपणांत जाण्यापूर्वीं तिचीं मापें टिपून ठेवावीं, आणि ती बांधणाऱ्या घरांतील वृद्धांकडून तिच्या प्रत्येक भागाचें नांव लिहून घ्यावें. जळगांव-धुळ्याच्या विद्यालयांना हें काम एका सुटींत सहज करतां येईल.