तीन आण्यांत दोन मैल

गेल्या श्रावणातली गोष्ट. शाळा सुटून घरी आलो होतो, चहाचा कप नुकताच हाती घेतला होता, तोच माझी एक जुनी विद्यार्थिनी दारात येऊन उभी राहिली. मागे तिचे वडील. हे तांबटाचे घराणे. आजोबांनी नाशकात भट्टी घातली त्याला साठ वर्षे झाली. वडिलांच्या हातची घंगाळी आणि हंडे माझ्या लहानपणी घरोघरी असत. पुढे स्टील आले, प्लॅस्टिक आले आणि ऐरणीवरचा आवाज हळूहळू विरळ होत गेला. मुलीने चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि तांब्याचे दिवे, तबके, पाण्याचे लोटे नव्या घाटात करायला आरंभ केला. आता त्यासाठी कर्ज काढले होते, आणि हे सामान देशभर विकले जावे म्हणून एक वेबसाइट बनवायची होती.

"सर, मजकूर तुम्ही तपासून द्या," असे म्हणून तिने फोन माझ्यापुढे धरला.

पाहतो तो काय! पहिल्याच पानावर एकामागून एक सरकणारी सहा चित्रे. त्यांतली तीन कुठल्या तरी परदेशी दिवाणखान्याची. वर मोठ्या अक्षरांत 'शंभर वर्षांची परंपरा' आणि 'हजारो समाधानी ग्राहक'. किंमत कुठेच नाही. ती हवी असेल तर आपले नाव-गाव लिहून विचारायचे. मराठीचे एक अक्षर नाही. आणि हे सारे उघडायला इतका वेळ लागला, की तेवढ्यात माझा चहा निवाला.

वडील इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "मास्तर, शंभर वर्षं कुठून आली ते तरी तिला विचारा. माझा बाप काय पाळण्यात हातोडा मारत होता?"

मुलगी रडकुंडीला आली. "असं लिहिल्याशिवाय कुणी थांबत नाही, बाबा. सगळेच लिहितात. आणि हप्ता काय तुमच्या खरेपणावर फिटणार आहे?"

हा प्रश्न काही थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मी त्यांना म्हटले, आठ दिवस द्या. मी वेबसाइट बनवणारा नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा एक शाळामास्तर. पण माझ्या मनात एक माणूस आला होता. हाच प्रश्न त्याने आपल्या नाशकात बसून, शंभर वर्षांपूर्वी, निरनिराळ्या रीतींनी सोडवला होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण चित्रपटमहर्षी म्हणतो, आणि तसे म्हटले की माणूस एकदम देव्हाऱ्यात जातो. वस्तुतः ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेला हा गृहस्थ आयुष्यातली कित्येक वर्षे एक लहान कलाव्यवसाय चालवणारा, कर्जाने गांजलेला माणूस होता. मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याचा फोटोग्राफीचा व्यवसाय, पुराणवस्तू खात्यातली नोकरी, मग लोणावळ्याला छापखान्याचे ठसे करण्याचा उद्योग, हे सारे चित्रपटाच्या आधीचे. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले. तो छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला गेला. देवादिकांची रंगीत चित्रे त्याने गरिबांच्या भिंतीपर्यंत पोचवली. हजारो डोळे एका चित्रावर कसे खिळतात याचा धडा फाळक्यांनी अशा ठिकाणी गिरवला असला पाहिजे. पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स निघाले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीची वारी झाली; पण भागीदारांशी पटेना, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस रिकाम्या हातांनी बाहेर पडला.

१९११ मध्ये त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर येशू हलत असताना यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण हलू लागले. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांत सांगितली आहे. १९१२ च्या आरंभी ते लंडनला जाऊन विल्यम्सन कॅमेरा घेऊन आले. येथवरची गोष्ट शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. माझी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

कॅमेरा आला, पण चित्रपट काढायला पैसा कुठे होता? आणि ज्याने चित्रपट म्हणजे काय हे धड पाहिलेले नाही, त्या सावकाराला काय सांगून पैसे मागायचे? फाळक्यांनी मोठमोठ्या शब्दांचे पत्रक काढले नाही. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. रोज त्याची थोडी थोडी चित्रे घेत महिना-दीड महिना काढला, आणि ती फीत पडद्यावर सोडली तेव्हा मातीतून अंकुर निघून वेल झालेली पाहणाऱ्याला एक-दोन मिनिटांत दिसली. मग भांडवल हलले. तरी ते पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

त्या वाटाण्याचा मी पुष्कळ विचार केला. 'मी कुशल आहे' हे वाक्य त्यात कोठेच नाही. एक लहानसे, पण पुरे झालेले काम समोर ठेवले आहे, इतकेच. आणि ते काम असे निवडले आहे, की फक्त हे यंत्र आणि हा माणूसच ते दाखवू शकेल.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. पहिल्या विषयाची निवडही पाहण्यासारखी आहे. कला नवी, यंत्र नवे, पडद्यावरची माणसे मुकी; अशा वेळी कथा तरी अशी हवी की जी प्रेक्षक घरूनच घेऊन येईल. हरिश्चंद्र-तारामती कोणाला ठाऊक नव्हते? शिवाय त्याची जी प्रत आज पाहायला मिळते तिच्यातल्या पाट्या हिंदी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत आहेत. आणि मुंबईच्या खेळाच्या जाहिरातीत हरिश्चंद्राच्या जोडीला नाचगाणे, नकला आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू अशी भरती होती. सत्यवचनी राजाच्या पंगतीला कसरतपटू! आपल्याला हसू येते. पण बिचकलेल्या गिऱ्हाइकाला ओळखीचे असे काही तरी दाराशी दिसावे लागते, हे त्यात आहे. खेळ २३ दिवस चालला.

आता सुरतेची गोष्ट. ती अनेकांनी सांगितली आहे. तेथे पहिल्या खेळाचे उत्पन्न तीन रुपये झाले. थिएटरवाला म्हणाला, इथे दोन आण्यांत सहा तासांचे नाटक मिळते. तुमचे दीड तासाचे चित्र तीन आणे देऊन कोण पाहील? दर उतरवा, नाही तर खेळ लांबवा. फाळक्यांनी दोहोंतले काहीच केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. तीन आण्यांत ५७ हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र, अशा अर्थाची ती जाहिरात. उत्पन्न तिनाचे तीनशेवर गेले म्हणतात.

युक्ती मोठी नामी आहे. गिऱ्हाईक तासांच्या गजाने मापत होते; यांनी त्याच्या हाती दुसरा गज दिला. पण मी पडलो मास्तर. आकडा दिसला की पडताळा घ्यायचा ही आमची खोड. मी सातवीच्या वर्गात फळ्यावर गणित घातले. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रे. मुलांनी गुणाकार केला : ५९,२००. म्हणजे ५७ हजारांचा आकडा जवळजवळ रास्त. आता मैल म्हणजे ५,२८० फूट, दोन मैल म्हणजे १०,५६०. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "सर, हे तर पाऊण मैलसुद्धा भरत नाही!"

वर्ग हसला. मलाही हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. एकाच जाहिरातीत, एकाच ओळीत, खरा आकडा आणि जवळजवळ तिप्पट फुगवलेला आकडा शेजारी शेजारी बसले होते. हरिश्चंद्राच्या चित्राला दोन मैलांची थाप! आणि या थापेची गरजच नव्हती. ५७ हजार छायाचित्रे हीच केवढी नवलाची गोष्ट! ज्याने आयुष्यात घरातला एखादा फोटो पाहिला असेल, त्याचे डोळे विस्फारायला तेवढे पुरे होते.

येथे माझे एक पाप सांगून टाकतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीत सिन्नरकडच्या एका आटलेल्या विहिरीची आणि त्या विहिरीवरून तुटलेल्या दोन भावांची कथा आहे. प्रकाशकाने वेष्टनावर एक सुंदर तरुणी आणि मागे वाडा काढला. माझ्या पुस्तकात वाडा नाही, आणि स्त्री आहे ती साठीची. मी काही बोललो नाही. वाटले, खप होईल. खप थोडा झालाही. मग एका वाचकाचे पत्र आले : पुस्तक वाईट नाही, पण मी ज्यासाठी घेतले ते यात नव्हते, तुमचे पुढचे मी घेणार नाही. ते पत्र मी अजून फाडलेले नाही.

फाळक्यांची आणखी एक फीत आहे, १९१७ च्या सुमाराची. चित्रपट कसे तयार होतात हे तिच्यात दाखवले आहे. स्वतः फाळके काम करताना दिसतात. नटांना शिकवताना, फीत तपासताना. त्या काळात ते नाशकात होते. १९१३ मध्येच त्यांनी बिऱ्हाड येथे हलवले आणि 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' येथे काढले. घरचीच मंडळी कामाला. सरस्वतीबाई अंधारात फितीला भोके पाडीत, ती धूत आणि पुन्हा साऱ्या कंपनीचा स्वयंपाक करीत. आजचा कारागीर कारखान्याचे दार लावून घेतो आणि पुढच्या खोलीत झगझगाट करतो. फाळक्यांनी दार उघडून आत काय चालते ते दाखवले. ज्या मायेने लोक थक्क होत होते तिचे गुपित सांगितल्याने त्यांचे काही नुकसान झाले नाही.

पण हेही सांगितले पाहिजे, की उत्तम देखाव्याने धंदा तरतोच असे नाही. 'लंकादहन'ने १९१७ मध्ये पैसा ओतला. १९१८ मध्ये भांडवलदारांना घेऊन येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' निघाले, आणि कालियामर्दनात त्यांचीच मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मग पुन्हा भागीदारांशी खटके, राजीनामा, काशीवास, परत येणे. बोलपट आले आणि काळ पुढे गेला. १९३७ चे 'गंगावतरण' हे त्यांचे शेवटचे चित्र. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकातच वारले, तेव्हा श्रीमंत नव्हते. जगापुढे आपले काम कसे ठेवावे हे ज्याला इतके कळत होते, त्याला ते आपल्या हातात कसे राखावे हे साधले नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तेथे गेलो की मला हे आठवते.

आठ दिवसांनी बापलेक आले. मी फळ्यावरचे गणित कागदावर मांडून दाखवले आणि म्हटले, "बाळ, तुझे ५७ हजार कोणते ते शोध आणि दोन मैल पुसून टाक."

मग आम्ही तिघे रात्री दहापर्यंत बसलो. सरकती चित्रे गेली. एकच राहिले, वडिलांनी ठोकलेल्या लोट्याचे, मठारकामाचा एकेक ठोका दिसेल असे, आणि खेड्यातल्या फोनवरही झटकन उघडेल इतके हलके. परदेशी दिवाणखाने गेले. 'शंभर'ची साठ झाली. किंमत आली. वडील म्हणाले, "आमच्यात भांडं वजनावर जातं, मास्तर. वजन नाही लिहिलं तर गिऱ्हाइकानं किंमत कशी ताडावी?" तेव्हा प्रत्येक वस्तूखाली वजन, उंची आणि पाणी किती मावते ते आले. कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवू नये, हेही आले. मुलगी म्हणाली, "सर, हे वाचून कुणी घेणार नाही." वडील म्हणाले, "जो घेईल तो परत आणून आपटणार नाही." मजकूर मराठी आणि इंग्रजी असा शेजारी शेजारी ठेवला. हजारो ग्राहक कोठे गेले ते मी विचारले नाही. तिने आपण होऊनच ते खोडले होते.

शेवटी एका लोट्याला किती ठोके लागतात, असा प्रश्न निघाला. वडिलांनी कधी मोजले नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलगी कागद-पेन्सिल घेऊन भट्टीपाशी बसली आणि तीनदा चुकली. कारण मोजायला लागले की बापाला ऐकू जाते, आणि तो मुद्दाम हात धीमा करतो. अखेर तिने मोजणे सोडून दिले आणि त्या हातांचेच दोन मिनिटांचे चित्रण केले. आता पहिल्या पानावर लोट्याखाली ते आहे. त्यात कोणी बोलत नाही. फक्त ठोके ऐकू येतात.

कर्जाचे हप्ते चालू आहेत. नवरात्रात बेळगावहून एका बाईंची सहा लोट्यांची मागणी आली. त्यांनी विचारले होते, वजन जसे लिहिले आहे तसेच भरते ना? वडिलांनी सहाही लोटे माझ्यासमोर काट्यावर घातले. एक थोडा कमी भरला. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि ऐरणीकडे वळले.