शेंदूर, काव आणि जस्त : एका चासीवरचे थर

(हिंजवडी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

इतिहासाच्या व्याख्यानमालेत गाडीचा रंग कुठून आला, असं आत्ता चहाच्या वेळी दोघा-तिघांनी विचारलं. आमच्याकडे तो एका शेडमधून आला. इथून फार लांब नाही, हिंजवडीतच एक पत्र्याची शेड आहे. तिथे १९६८ सालच्या एका जीपची चासी जॅक-स्टँडवर ठेवलेली आहे. बॉडी उतरवली, इंजिन उतरवलं, आता राहिलेत ते दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. आम्ही चौघं मिळून ही गाडी उभी करतोय. गंज काढायचा आणि वर कुठला रंग द्यायचा, एवढाच प्रश्न होता. पाच जणांना विचारलं, सहा उत्तरं मिळाली. मग आम्ही जरा मागे जाऊन बघायचं ठरवलं, आणि बरंच मागे गेलो.

आधी चासीचंच एवढं का, ते सांगतो. जीप आपल्याकडे आली ती महायुद्धातून. पोलादाच्या व्यापारासाठी १९४५ मध्ये निघालेल्या महिंद्र अँड महंमद या कंपनीनं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या, १९४८ मध्ये तिचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. पुढे तहसीलदारापासून जंगलखात्यापर्यंत सगळ्यांनी या गाड्या वापरल्या. आज तिचं बॉनेट नवं मिळतं, मडगार्ड मिळतं, अख्खी बॉडी पत्र्यातून वाकवून मिळते. पण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. चासीचा नंबर तर त्या पोलादावरच ठोकलेला असतो. चासी गंजून गेली की गाडीचा जन्मदाखलाच गेला. वर बाकी काहीही चढवा, कागदावर ती गाडी ती नाही.

तर आम्ही पहिल्या रविवारी जोरात कामाला लागलो. ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि कोरडंच घासायला सुरुवात केली. तोंडाला रुमाल. वरचा काळा, डांबरासारखा थर उडाला. खाली तपकिरी लाल निघाला. तो आपल्या ओळखीचा, रेड ऑक्साइड. पण रिबेटांच्या आजूबाजूला, दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे, त्याच्याही खाली एक नारिंगीकडे झुकणारा भडक थर होता. आमच्यातला एक जण सहज बोलून गेला, "अरे, हा तर मारुतीचा रंग!"

तो बरोबर बोलला होता. नुसतं दिसायला तसा नव्हे, वस्तूच ती.

देवळात आपण तीन लाल गोष्टी बघतो आणि बऱ्याचदा त्यांची गल्लत करतो. कुंकू पारंपरिक रीतीनं हळदीचं. हिंगूळ पाऱ्याचा. आणि शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसं हवेत तापवत ठेवलं की आधी पिवळसर मुर्दाडशिंग होतं, आणखी बेतानं तापवलं की शेंदूर. तेलात कालवून तो दगडाच्या तांदळ्यावर लावायचा ही आपली जुनी रीत. इथला म्हातोबा असो की वेशीवरचा मारुती, शेंदूर आणि तेल ही जोडी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. तो लेप वर्षानुवर्षं चढत जातो आणि घट्ट कवच होतं. वणीच्या सप्तशृंगीचं उदाहरण ताजं आहे. २०२२ मध्ये तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदराचा जाड लेप उतरवला आणि आतली कोरीव मूर्ती पुन्हा दिसली. म्हणजे हा लेप किती टिकतो, याचा पुरावा मागायला प्रयोगशाळेत जायची गरज नव्हती.

युरोपात हीच जोडी लोखंडावर गेली. जवसाचं तेल आणि शेंदूर. एकोणिसाव्या शतकात पूल, जहाजं, रेल्वे यांचं लोखंड वाढलं आणि हा लाल हात सगळीकडे पहिला बसू लागला. जवस आपल्याकडून मुंबई बंदरातून बाहेर जायचा, आणि त्यातला बराचसा तेल होऊन तिकडच्या रंगांत पडायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला १९३० च्या दशकात पहिला हात शेंदराचाच होता.

तो काम कसा करतो, हे बघण्यासारखं आहे. नुसतं पाणी अडवणं एवढंच नाही. तेलातली आम्लं आणि शिसं मिळून एक प्रकारचा साबण तयार होतो, आणि तो लोखंडाच्या पृष्ठावर गंजाची क्रिया मंदावतो. शिवाय थोडा गंज राहिला असेल तरी हा रंग चालवून घेतो. हाताखालच्या माणसानं घाईत घासलं, कोपरा सुटला, तरी निभावतं. जुन्या माणसांचा शेंदरावर जीव होता तो म्हणूनच. आजचे बरेच रंग असे क्षमाशील नाहीत.

पण शिसं ते शिसंच. रंगाऱ्यांना होणारा पोटशूळ, मनगट लुळं पडणं, हे युरोपात फार आधीपासून माहीत होतं. १९२१ मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनं इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेद्यावर, म्हणजे शिशाच्या पांढऱ्या रंगावर, बंधनं घालणारा करार केला. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. नियमाचं नाव नीट ऐका : घरगुती आणि सजावटीचे रंग. पुलाचा, यंत्राचा, गाडीच्या चासीचा रंग त्यात येत नाही. आणि जुन्या पोलादावर आधीच बसलेल्या थराला तर कुठलाच नियम लागू होत नाही. तो तिथे आहे, कुणी तरी घासेपर्यंत गप्प आहे.

आम्ही घासला होता. आमच्यातल्या एकाची मुलगी दोन वर्षांची. तो त्या रविवारी तेच कपडे घालून घरी गेला, तिला उचलून घेतलं. सोमवारी आम्ही शिशाच्या चाचणीची पट्टी आणून त्या नारिंगी थरावर फिरवली, आणि शंका उरली नाही. मुलीचं रक्त तपासायला दिलं. आकडा चांगला आला. पण तो यायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत शेडकडे कुणी फिरकलं नाही. आज हे मुद्दाम सांगतोय, कारण जुन्या गाड्यांवर काम करणारे इथे बरेच जण बसलेत. गॅरेजमधली सोळा-सतरा वर्षांची पोरं हेच काम रोज करतात, आणि त्यांच्या तोंडाला रुमालही नसतो.

आता मधला थर. रेड ऑक्साइड म्हणजे आपली काव. तुळशीवृंदावनाला, घराच्या जोत्याला लावतात ती. रसायन म्हणून पाहिलं तर लोखंडाचा ऑक्साइड, गंजाचाच जवळचा नातलग. गंज थांबवायला गंजाचाच भाऊ आणला, अशी ही गंमत. शेंदूर महाग आणि विषारी, काव स्वस्त आणि निरुपद्रवी. त्यामुळे तिचा प्रसार झाला. दोघींचा रंग लाल असल्यामुळे अनेकांना वाटतं की गुणही तेच. तसं नाही. काव लोखंडाशी काही बोलत नाही, ती नुसती मध्ये उभी राहते. थर फुटला की काम संपलं. हार्डवेअरच्या दुकानातला एक हात रेड ऑक्साइड आणि वर काळा इनॅमल हे गेटला ठीक आहे. मुळशीच्या पावसात चिखल उडवत जाणाऱ्या चासीला नाही.

पाऊस म्हटल्यावर एक गोष्ट. लोखंड गंजायला भिजावंच लागतं असं नाही. व्हर्नन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं की हवेतली सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेपलीकडे, साधारण साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग एकदम उसळतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवा त्या मर्यादेच्या खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. सकाळी पांढरं चमकवलेलं पोलाद संध्याकाळी पिवळं दिसतं, ते शेडमध्ये, छपराखाली.

पावडर कोटिंगबद्दल विचारणारे नेहमी असतात, कारण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत ते गल्लोगल्ली करून मिळतं आणि दिसतंही देखणं. आम्ही या आधी एका जुन्या मोटारसायकलची फ्रेम तशी करून घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात एका बोल्टाजवळ फुगा दिसला. नखानं उचकटला तर वरची पावडर प्लास्टिकच्या सालीसारखी निघाली आणि खाली बोटभर लांब गंज पसरलेला. खडा लागून एक टवका उडाला होता, पाणी आत शिरलं आणि कडक सालीखाली निवांत राहिलं. खालची तयारी चांगली असेल तर पावडर वाईट नाही. पण भट्टीत भाजलेला तो थर घरी बसून दुरुस्त करता येत नाही, आणि चासीला टवके उडणारच.

मग जस्त. जस्त उकळतं साधारण ९०७ अंशांना, म्हणजे धातुक भट्टीत टाकलं की धातू वाफ होऊन उडून जातो. ती वाफ खाली उतरवून पकडायची विद्या उदयपूरजवळच्या जावरला मध्ययुगातच साधलेली होती, आणि तीही मोठ्या प्रमाणावर. तिथल्या मातीच्या मुशींचे ढीग आजही बघायला मिळतात. जस्त लोखंडाला वाचवतं ते स्वतः झिजून. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीनं इंग्रजी आरमाराच्या जहाजांना हाच उपाय सुचवला. जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे असत, ते वाचवायला त्यानं जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडायला सांगितले. तांबं छान वाचलं. पण झिजणाऱ्या तांब्याचं विष पाण्यात उतरेना, म्हणून तळाला शिंपले आणि शेवाळ चढलं, जहाजं मंदावली आणि उपाय सोडून द्यावा लागला. शास्त्र बरोबर, फक्त विचारलेला प्रश्न अपुरा. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलनं वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचं पेटंट घेतलं. आपली जस्ती बादली आणि कोकणातल्या छपराचा पत्रा ही त्याचीच लेकरं.

अख्खी चासी जस्तात बुडवावी का? आम्ही खूप भांडलो यावर. ते जस्त साडेचारशे अंशांच्या आसपास असतं. जुन्या, जागोजाग वेल्ड झालेल्या चासीला त्यात पीळ बसू शकतो, आणि चाकं एका रेषेत न येणारी जीप काय कामाची? दुसरं म्हणजे जस्त नंबराच्या खाचांत भरतं. तिथेच वाद मिटला.

राहिला हिरडा. हे आम्हाला स्वतःलाच नवीन होतं. बाजारात गंजावर लावायचं जे 'कन्व्हर्टर' मिळतं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांत टॅनिन असतं, आणि टॅनिनसाठी हिरडा प्रसिद्ध. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी लोक बाळहिरडा वेचून विकतात, तोच. पूर्वी कातडी कमवायला तो विलायतेला जायचा. हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे, त्यातही हेच रसायन : टॅनिन आणि लोखंड भेटले की निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ. गंजावर कन्व्हर्टर लावता तेव्हा तुम्ही गंजाची शाई करत असता. मात्र ते पापुद्रे सुटलेल्या जाड गंजावर चालत नाही, खरवडून उरलेल्या पातळ गंजावर चालतं.

एवढं सगळं बघून आम्ही जे ठरवलं ते असं. नारिंगी थर असलेल्या जागा ओल्या करून, रंग उतरवणारा लेप लावून खरवडायच्या. खरवड पिशवीत बांधून वेगळी ठेवायची, कपडे शेडमध्येच बदलायचे. बाकी चासी ब्लास्टिंगला, पण वाळूनं नाही, कारण ती धूळ करणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. तांब्याच्या मळीचे खडे वापरणारा माणूस शोधायला महिना गेला. ब्लास्टिंग कोरड्या दिवसांत, आणि त्याच दिवशी जस्त भरलेला इपॉक्सी प्रायमर. जस्ताचा कण पोलादाला प्रत्यक्ष टेकला तरच तो झिजून वाचवतो, मध्ये गंज किंवा जुना रंग असेल तर पैसे वाया. त्यावर इपॉक्सी, त्यावर काळा. दांड्यांच्या पोकळीत, जिथे खडाही पोचत नाही आणि ब्रशही, तिथे कन्व्हर्टर आणि मग पातळ मेण फवारायचं. पाणी निघून जायची भोकं उघडी ठेवायची. जळकं ऑइल मारायचा सल्ला आम्हाला सगळ्यात जास्त मिळाला. ते चालतं, खोटं नाही, पण ते रबराचे बुश खातं आणि चिखल धरून ठेवतं.

एक तळहाताएवढी जागा मात्र तशीच ठेवलीय. मागच्या आडव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, काळा, तपकिरी, नारिंगी असे तिन्ही थर पायऱ्यांसारखे उघडे करून वरून पारदर्शक लाखेचा हात दिला. आमच्यातल्या दोघांना हा वेडेपणा वाटतो. असेल.

नंबराच्या जागी प्रायमर पातळ, काळा रंग नाहीच, फक्त लाख. परवा त्यावर कागद धरून पेन्सिल घासली, आरटीओत घेतात तसा ठसा घेतला. शेवटून दुसरा आकडा ३ आहे की ८, यावर अजून वाद चालू आहे. चहानंतर कागद इथेच टेबलावर ठेवतो, तुम्हीही बघा.