नाममुद्रा आणि परवाना

मंडळी, तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक सॉफ्टवेअरच्या परवान्यावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. मी सुरुवात आपल्या परभणी जिल्ह्यातूनच करतो, गंगाखेडच्या जनाबाईपासून.

अभंगाच्या शेवटच्या चरणात जनी आपलं नाव गुंफते. ही नाममुद्रा. अभंग कोणीही वहीत उतरवून घ्यावा, कोणीही गावा, परवानगी विचारायची नाही. पण नाव मात्र राहतं. आता याची दुसरी बाजू पाहा. नाव राहिलं, तरी मजकूर बदलत गेला. नामदेवांच्या गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्याच्या रचना मिसळल्या, आणि त्या वेगळ्या करता करता अभ्यासकांचे डोळे शिणले. ज्ञानेश्वरीचंही तेच. नकला होता होता पाठ बिघडले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावलं की यात कोणी आपली ओवी घालू नये. घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. माझ्या मते ही परवान्याचीच अट आहे बरं का! नक्कल करा, वाचा, पण बदल करू नका. जनीचा आणि नाथांचा, हे दोन वेगळे परवाने झाले.

आज मात्र कायदा मधे येतो. १८८६ च्या बर्न करारापासून तत्त्व असं रुजत गेलं की लेखकाचा हक्क लिहिल्याक्षणी निर्माण होतो, नोंदणी लागत नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्रॅमही त्यात ‘साहित्यकृती’ म्हणून आला. मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं. म्हणजे काय? पोराने चार ओळींचा प्रोग्रॅम सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि परवान्याबद्दल गप्प बसला, तर तो मोकळा होत नाही. तो बंदच असतो. जनाबाईच्या काळी मौन म्हणजे संमती होती, आज मौन म्हणजे कुलूप.

हे मला अनुभवातून कळलं. माझी वर्गातली टिपणं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेली. नव्या संगणकावर उघडली तर नुसती चिन्हांची खिचडी. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने ती युनिकोडमध्ये आणणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आणखी दोघांनी त्यात भर घातली. एका मासिकवाल्यांना तो जुन्या अंकांसाठी हवा होता. त्यांनी विचारलं, परवाना कोणता? पोरगं म्हणालं, ‘फुकट आहे की!’ मासिकाच्या वकिलाने मान हलवली. फुकट असणं वेगळं आणि वापरायचा हक्क असणं वेगळं. काम अडलं.

परवाने बाजारात ढिगाने आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची. तिचं म्हणणं असं की घ्या, बदला, पण बदललेलं वाटाल तर याच अटींवर वाटा. एमआयटीचा परवाना जेमतेम पानभर. नाव आणि परवान्याचा मजकूर ठेवा, बाकी काहीही करा.

फॉन्टांच्या बाबतीत मराठीला याची चव आधीच मिळालेली आहे. लोहित हे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आले आणि रेड हॅटने ते जीपीएलखाली खुले केले. पण पत्रिकेत फॉन्ट रुतवून फाइल पाठवली, तर पत्रिकेलाही जीपीएल लागू होतं का? असली भानगड फॉन्टातच उद्भवते. २०११ च्या सप्टेंबरात लोहित एसआयएलच्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. त्यात स्पष्टच आहे, फॉन्ट वापरून केलेल्या मजकुराला ही अट लागत नाही. नुसता फॉन्ट सुटा विकायचा नाही. आणि मूळकर्त्याने नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते लावायचं नाही. आयआयटी मुंबईचा शोभिका बघा. देवनागरी अक्षरं यशोमुद्रेवरून, रोमन अडोबीच्या सोर्स सेरिफवरून, नाव मात्र स्वतंत्र. विष्णुदास नाम्याचा घोळ इथे होणार नाही!

आता एक बारीक गोष्ट, जी आपली मुलं हमखास विसरतात. आपल्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलम ३०अ हेच नियम परवान्याकडे नेतं. एमआयटीच्या मजकुरात मुदत नाही, प्रदेशही नाही. अपाचीच्या २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन्ही शब्द आहेत. वकील हा मुद्दा काढू शकतो, म्हणून मी त्या पोराला म्हटलं, बाबा रे, अपाची लाव.

पण ते एकट्याच्या हातात नव्हतं. भर घालणाऱ्यांचा हक्क त्यांच्या त्यांच्या ओळींवर असतो. एकाने लगेच होकार कळवला. दुसऱ्याचा पत्ता लागेना. शेवटी त्याच्या सहा ओळी काढून पोराने त्या जागी स्वतःच्या लिहिल्या, मूळ न बघता, आणि मग परवान्याची फाइल जोडली. माझी टिपणं आता वाचता येतात. मासिकाचं काम सुरू झालंय.