हंगामी बिऱ्हाड

महाबळेश्वरचा बंगला मराठी मध्यमवर्गाने पुष्कळ वर्षे पाहिला तो फाटकाबाहेरून. बाजारपेठ सोडून एखाद्या पॉइंटाकडे चालत निघावे, तर दोन्ही बाजूंना दाट झाडी. झाडीत वळण घेऊन नाहीशी होणारी तांबड्या मातीची वाट. दगडी खांबावर कोरलेले एखादे इंग्रजी नाव. आणि फार आत, उतरत्या छपराचा एक तुकडा. एवढ्यावर आपण समाधान मानले. आत कोण राहते, किती माणसे राहतात, किती दिवस राहतात, ह्याची चौकशी करण्याचे आपल्याला कारण नव्हते. आपण एस.टी.ने आलो, एखाद्या खानावळीच्या वरच्या मजल्यावर उतरलो, चणे आणि मध घेऊन परत गेलो.

गेल्या मे महिन्यात मात्र आमची तीन पिढ्यांची बावीस माणसे अशा एका बंगल्यात दोन रात्री राहिली. पैसे एका मामेभावाने भरले होते. माझ्या मास्तरकीत ते बसणारे नव्हते. सात निजायच्या खोल्या, पोहण्याचा हौद, दरीकडे तोंड करून असलेली काचेची भिंत, आणि 'मोठ्या परिवारासाठी' अशी जाहिरात. पहिल्या रात्री सगळे गाण्याच्या भेंड्यांत रमले असता मी मागच्या बाजूस गेलो. तेथे जांभ्या दगडाची एक ठेंगणी, जुनाट खोली होती. राखणदार उंबऱ्यावर बसून बिडी ओढीत होता. बंगला जुना आहे काय, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "बंगला नवा आहे, सर. जुना पाडला. जुनं काही राहिलं असेल तर ही माझी खोली."

परत आल्यावर मी १८८५ सालचे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर पुन्हा काढून बसलो. ह्या डोंगरावर माणसे समूहाने येऊन भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या घरात राहतात, ही गोष्ट इंग्रजांपासून सुरू झाली असा आपला समज असतो. तो खरा नाही. क्षेत्र महाबळेश्वर साहेबाच्या पेठेपेक्षा फार जुने आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्यांचा उगम तेथे मानतात. बारा वर्षांनी गुरू कन्या राशीत आला की कन्यागताचे पर्व लागते, आणि त्या पर्वाला कृष्णेच्या स्नानासाठी यात्रेकरू वाईस आणि वर क्षेत्रावर चढून येतात. आपापल्या क्षेत्रोपाध्यायाच्या ओसरीवर पथारी टाकायची, त्याच्या वहीत गावाचे आणि कुळाचे नाव घालायचे, दक्षिणा द्यायची नि उतरायचे. भाडे हा शब्द तेथे कोणी उच्चारीत नव्हते, इतकेच.

इंग्रज आला तो १८२४ साली. साताऱ्यास असलेला लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी झाडी तोडीत कड्यापर्यंत गेला, आणि त्या जागेला आज त्याचे नाव आहे. खालच्या गावांतली माणसे त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारीत होती, मध काढीत होती. परंतु पाहणारा साहेब असल्याशिवाय डोंगर 'सापडत' नाही, असा त्या शतकाचा दंडकच होता. पुढे सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याला ही हवा मानवली. आजारी गोऱ्या सैनिकांसाठी येथे इस्पितळ काढावे असे त्याच्या मनात आले, आणि १८२९ साली त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी अदलाबदल केली: महाराजांनी डोंगरमाथ्याची जमीन कंपनीस द्यावी, कंपनीने त्याबद्दल वाईकडचे खंडाळा गाव महाराजांस द्यावे. डोंगरावर येण्याचा रस्ता महाराजांनीच करून दिला होता. पेठेला नाव मात्र पडले माल्कमपेठ.

ह्या व्यवहारापाशी मी नेहमी अडखळतो. पाहुणा म्हणून ज्याला वाट करून दिली तो जमिनीचा धनी झाला, आणि दहा वर्षांनी, १८३९ साली, त्याच कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठविले. ते परत आले नाहीत. १८४७ साली तेथेच वारले. पुढच्या वर्षी साताऱ्याचे राज्यच खालसा झाले. त्यांच्यामागून गादीवर बसविलेल्या धाकट्या भावाने, अप्पासाहेबांनी, १८४२ साली वेण्णेचे पाणी अडवून तलाव बांधला. आज बोटीत बसून आपण कणीस खातो तो हाच. राज्य गेले, पाण्याची सोय राहिली.

जमीन सरकारची झाल्यावर तिचे तुकडे पाडून बंगल्यांसाठी मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आले. म्हणजे बंगला बांधणारासुद्धा जमिनीपुरता कुळच. त्याने तो हंगामापुरता दुसऱ्यास भाड्याने द्यायचा. डोंगरावर कोणीच पुरता घरधनी नव्हता. एकात एक बसविलेली बिऱ्हाडे होती सगळी.

बंगला बांधला जाई तो जांभ्याचा. खाणीतून काढताना हा दगड मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि हवा लागली की घट्ट होतो. मधे मोठा दिवाणखाना, त्यात शेकोटीची जागा, चारी अंगांनी रुंद व्हरांडा, आणि मुख्य घरापासून अंतर ठेवून मुदपाकखाना, तबेला, नोकरांच्या खोल्या. साहेबाचे कुटुंब चार माणसांचे. पण त्याच्यामागे दहा-बारा नोकर असणे ही त्या काळातली साधी गोष्ट. बटलर, गोव्याचा स्वयंपाकी, हमाल, भिस्ती, धोबी, आया, मोतद्दार, माळी. तेव्हा 'मोठ्या परिवारासाठी' ही पाटी त्या घरांना पहिल्यापासूनच शोभली असती. फरक एवढाच की परिवारातले चौघे समोर राहत आणि बाकीचे मागे.

हे सारे लटांबर वर आणायचे कसे? मुंबईहून गलबताने सावित्रीच्या खाडीत शिरावे, महाडापर्यंत जावे, आणि तेथून पार गावावरून भोयांच्या खांद्यावर मेण्यात बसून घाट चढावा, ही एक वाट. भोरघाटातली रेल्वे १८६३ साली पुरी झाल्यावर पुण्यापर्यंत गाडी आणि पुढे वाई व पसरणीच्या घाटाने टांगा, ही दुसरी. १८७० नंतरच्या दशकात आंबेनळीचा घाट गाड्यांना चालू झाला आणि कोकणातली वाटही सोपी झाली. पियानोसुद्धा ह्याच वाटांनी वर आला. एखाद्या मडमेच्या दैनंदिनीत प्रवासाची हकीगत पाने भरून असते, कड्यांचे नि धुक्याचे वर्णन असते. पियानोखाली कोणाचे खांदे होते ते मात्र नसते.

ताटातल्या भाजीची कथा तर आणखी विलक्षण आहे. माल्कमपेठेत सरकारने एक तुरुंग ठेवला होता आणि त्यात सामुद्रधुनीच्या वसाहतींकडून आणलेले चिनी व मलायी कैदी होते. हजारो मैलांवरून शिक्षा भोगायला आलेल्या ह्या माणसांनी डोंगरावर बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या, वेताच्या टोपल्या आणि खुर्च्या विणल्या. बंगल्याच्या व्हरांड्यात गव्हर्नराचा सल्लागार ज्या खुर्चीत पाय लांब करून बसे, ती अशा कैद्याच्या हातची असण्याचा पुष्कळ संभव. १८६४ साली तुरुंग मोडला. सुटलेल्यांपैकी काहीजण येथेच भाजीपाला पिकवीत राहिले. पॉइंटांना नावे पडली ती एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, आर्थर अशी. वांग-फांगपैकी एकाचेही नाव एखाद्या ओढ्यालासुद्धा राहिले नाही.

हंगाम दोन. एप्रिलपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा मोठा, आणि पाऊस सरल्यावर, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमाराचा, धाकटा. गव्हर्नर वर आला की सरकार वर आले. दप्तरांच्या पेट्या आल्या आणि पेट्यांबरोबर मुंबईच्या सेक्रेटरिएटातले आपले काही कारकूनही आले. ते बाजारात एकेका खोलीत बिऱ्हाड करीत आणि थंडीने कुडकुडत साहेबाचे खलिते नकलून काढीत. थंड हवेचे सुख त्यांच्या वाट्यास कितपत आले असेल कोण जाणे.

आणि मग पाऊस. ह्या पावसाची कल्पना उन्हाळ्यात येऊन गेलेल्याला येणार नाही. वर्षाची सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे सुमारे २४० इंच, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. वारा दरीतून वर येतो आणि पाऊस आडवा मारतो. जांभा दगड तर छिद्राछिद्राचा, पाणी पितो. म्हणून हंगाम संपता संपता रानातले लांब गवत कापून आणायचे, छपरे शाकारायची, आणि नुसती छपरेच नव्हे, तर भिंतीसुद्धा गवताच्या ताट्यांनी वरपासून जमिनीपर्यंत झाकून टाकायच्या. सबंध बंगलाच गवताचा अंगरखा घालून चार महिने उभा राहायचा. मेंसाहेब गेली, बटलर गेला, घोडे गेले. दारे लावून घेतलेल्या त्या घरात पावसाळाभर राहिला तो माळी. मागच्या खोलीत चूल पेटवून, बुरशी पुसत, ताट्या वाऱ्याने सुटल्या की पुन्हा बांधीत. हंगामाची गणती केली तर साहेब घरात तीन महिने राही आणि माळी बारा. आपण घराच्या इतिहासात नाव लिहितो ते तीन महिनेवाल्याचे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला. शेअरांचा फुगा १८६५ साली फुटला आणि अनेकजण बुडाले; पण गिरण्या, गोद्या नि व्यापार करून पैसा टिकविणारी घराणीही निघाली. पारशी, भाटिये, खोजे, बोहरी. शतकाच्या अखेरीस आणि पुढे डोंगरावरचे बंगले हळूहळू त्यांच्या भाड्यात, नंतर त्यांच्या मालकीत येऊ लागले. येथे खरा बदल झाला. साहेबाचे कुटुंब चौघांचे होते, शेठजीचे तीस-चाळीसांचे. आजी, विधवा आत्या, पाच सुना, मुलांची पलटण, मुलांचा मास्तर, सोवळ्याचा महाराज, पितळी भांड्यांची पेटारे. जेथे बिलियर्डचे टेबल होते तेथे पंगत बसली. त्या घरांतल्या सुनांना ही सुट्टी वाटत असेल काय, ही शंका मला सतावते. चूल तीच, माणसे तीच, फक्त खिडकीबाहेर दरी. तरी पण दुपारी मंडळी निजल्यावर व्हरांड्यात बसायला मिळत असेल, डोक्यावरचा पदर किंचित मागे सरत असेल. तेवढ्यासाठीही कोणी वर्षभर वाट पाहिली असेल.

१९४५ च्या एप्रिल-मेमध्ये गांधीजी आपल्या परिवारासह येथे राहिले, तेही एका अशाच बंगल्यात, मोरारजी कॅसलमध्ये. ज्या टेकडीवर राज्याचे सरकार उन्हाळा काढीत असे, तेथेच त्या राज्याला जायला सांगणारा म्हातारा दीड महिना विश्रांती घेतो, सायंप्रार्थना करतो, हे दृश्य मला फार आवडते. स्वातंत्र्यानंतर पट्टे देणारे सरकार बदलले, १९६० नंतर ते महाराष्ट्राचे झाले, पट्टे राहिले. मोठी कुटुंबे फुटली, तीस माणसांचा हंगाम परवडेना, आणि कितीतरी बंगल्यांची फाटके गंजली. काहींची हॉटेले झाली. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा मुलूख पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि बांधकामावर बंधने आली. ती किती पाळली जातात, हे वेण्णा तलावाजवळ सुट्टीच्या दिवशी उभे राहिले की ज्याचे त्याला समजते.

पुन्हा आता बंगल्याला मोठा परिवार लागू लागला आहे. फरक मापाचा आहे. पूर्वी घर हंगामावर जाई, मग महिन्यावर गेले, आता रात्रीवर जाते. हंगामभर राहणाऱ्याला माळ्याचे नाव कळे, त्याच्या मुलांची लग्ने कळत, कोणत्या झऱ्याचे पाणी केव्हा आटते ते कळे. भाडेकरू असला तरी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच घराचे तोंड पाहायचे असे. आम्ही बावीसजणांनी दोन रात्रींत टाकीतले पाणी दोनदा संपविले आणि दोन्ही वेळा टँकर आला. ते पाणी कोठल्या विहिरीचे, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही. मीही नाही. जुन्या शेठजींविषयी मला काही जिव्हाळा आहे अशातला भाग नाही; त्यांच्या पंगतीला माळी बसत नव्हताच. पण तो कोण आहे हे त्यांना ठाऊक असावे लागे. आता बंगला पावसाळ्यातही रिकामा राहत नाही. सिमेंटला गवताचा अंगरखा लागत नाही, आणि धुके पाहायला येणारांची गर्दी जुलैतच अधिक.

दुसऱ्या रात्री मी राखणदाराला ताट्यांविषयी विचारले. त्याचा आजा हे काम करीत असे. गवत कोठले कापायचे, गाठ कशी मारायची म्हणजे वाऱ्याने सुटत नाही, हे आजाने त्याच्या बापाला शिकविले होते. "बापाला येत होतं," तो म्हणाला. "मला बघितलेलं आठवतं."

सकाळी अकराला घर सोडायचे होते. साडेदहालाच फाटकापाशी दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. पुढची मंडळी अठ्ठावीस होती. सामान बाहेर काढताना मी मागे डोकावलो. राखणदाराने शिडी लावली होती आणि बायकोच्या मदतीने तो आपल्या जांभ्याच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर निळी प्लास्टिकची ताडपत्री बांधीत होता. पाऊस यायला अजून पंधरा दिवस होते. आत बंगल्यात कोणीतरी घंटी वाजविली, तशी त्याने दोरी दातांत धरली, गाठ पुरी केली, आणि मग खाली उतरला.